डिसेंबरचा पहिला शनिवार

फेअरलीन गावात निरोप घेताना माणसं 'येतो' म्हणत नाहीत. एक म्हणतो, "पाय रोव!" आणि दुसरा म्हणतो, "हलू नको!" गावातल्या टोंबेक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव 'खेचरं', आणि खेचर अडलं की पाय रोवून बसतं, त्यावरून हे आलं. पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायरीवर, दवाखान्यातून घरी सोडलेल्या म्हाताऱ्याला गाडीत बसवताना, सगळीकडे हेच. पण गेल्या हंगामात खेचरं झाडून सगळे सामने हरली आणि त्या हिवाळ्यात गावाची जीभ अडखळायला लागली. लोक 'बरंय' म्हणू लागले, 'भेटू' म्हणू लागले. काही जण तर नुसताच हात हलवून सटकायचे. हॉलिस टिडवेल तेवढा भेटेल त्याला खणखणीत आवाजात "पाय रोव!" म्हणायचा आणि समोरचा "हलू नको" म्हणेपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही. हात सुटावा म्हणून का होईना, लोक म्हणायचे.

हॉलिसचं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान. अलाबामाच्या उन्हाळ्यात गवत माणसाला दम खाऊ देत नाही, त्यामुळे दुकान बरं चालतं. त्याच्या धंद्यातली खोड एकच. कुठलंही यंत्र मेलं, असं तो म्हणत नाही. "बंद आहे," म्हणतो. गिऱ्हाईक वैतागून नवीन घेऊन मोकळं होतं आणि जुनं हॉलिसच्या मागच्या पडवीत जाऊन बसतं. ती पडवी आता इतकी भरली आहे की बायको ग्लेंडा तिला 'हॉलिसचं आयसीयू' म्हणते.

टोंबेक कॉलेजच्या वर्गात त्याने उभ्या जन्मात पाऊल टाकलेलं नाही. पण मैदानाच्या पश्चिमेच्या बाकांवरच्या दोन जागा त्याच्या वडिलांपासून टिडवेलांच्या आहेत. ग्लेंडाला त्याने लग्नाचं विचारलं तेही सामन्याआधी मैदानाबाहेरच्या गवतावर, निखाऱ्यांवर डुकराच्या बरगड्या भाजताना. तिने होकार मध्यंतरानंतर दिला, कारण मध्यंतरापर्यंत खेचरं मागे होती आणि तेव्हा त्याला काही सांगून उपयोग नव्हता, असं ती अजून सांगते. लेक शेल्बी जन्मली ती नेमकी संघाचा सामना नसलेल्या शनिवारी. ते मात्र मी ठरवून केलं, असंही ग्लेंडा सांगते. वडिलांकडून जागांबरोबर आणखी एक गोष्ट हॉलिसकडे आली होती: पितळेची घंटा. आजोबांच्या कापसाच्या शेतात नांगर ओढणाऱ्या खऱ्याखुऱ्या खेचराच्या गळ्यातली. खेचरांनी गुण मिळवला की हॉलिस ती वाजवायचा. गेल्या वर्षी ती फारशी वाजली नाही.

गावातली पुरुषमंडळी सकाळी अर्लीनच्या खाणावळीत जमतात. अंडी, मक्याची लापशी आणि एकमेकांची टवाळी, एवढं झाल्याशिवाय कोणी कामाला जात नाही. टवाळीत पुढारी डब फॉर्नी. हा एकेकाळी खेचरांच्या आघाडीच्या फळीत खेळलेला. खांदे दाराएवढे आहेत आणि धंदा फुलांचा. त्याच्या फुलांवरून हसायची कोणाची छाती होत नाही. तो मात्र सगळ्यांना हसतो.

"बोल हॉलिस," जूनमधल्या एका सकाळी डबने सुरुवात केली, "यंदा किती फरकाने हरायचं ठरलंय?"

हॉलिसने शांतपणे लापशीत लोणी घातलं. "आघाडीची फळी बघ. गेल्या वर्षी सगळी पहिल्या वर्षाची पोरं. धड मिसरूड फुटलेलं नाही. समोरचे त्यांना ढकलत पार पाण्याच्या पिंपापर्यंत न्यायचे. तीच पोरं यंदा परत आलीत. सगळीच्या सगळी! इतका मार खाल्लेली टीम सोडून एकही पोरगा जात नाही, ह्याचा अर्थ कळतो का तुला?"

"कळतो की. दुसरीकडे कोणी घेत नाही."

सगळे फिदीफिदी हसले. हॉलिस हसू ओसरेपर्यंत थांबला.

"झालं तुमचं? आता चेंडूला लाथ मारणाऱ्याचं सांगतो. गेल्या वर्षी चेंडू खांबांच्या मधून गेला नाही म्हणून आपण किती सामने घालवले? आता ओसोरियोचा पोरगा आलाय. कोंबडीच्या कारखान्यात काम करतो ना ओसोरियो, त्याचा. मी स्वतः बघितलंय त्याला. आडवा वारा सुटलेला, मैदान ओलं, आणि पोरगं आपलं मारतंय, मधोमध. परत मारतंय, परत मधोमध. आणि नवा कोच. हा ओरडत नाही."

"हां, हे एक नवीन ऐकलं. न ओरडता हरायचं."

"ओरडणाऱ्याबरोबर किती जिंकलो रे आपण?"

डबने थाळी बाजूला सारली. तो उठला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "तू ना हॉलिस, डिसेंबरच्या अंतिम सामन्याच्या जागासुद्धा सांगून ठेवशील."

"दरवर्षी सांगतो. यंदाही सांगणार. पाय रोव."

"हलू नको, बाबा, हलू नको. सोड हात."

जागांचं ते खरं होतं. संघ अंतिम सामन्यात पोहोचला तर अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या मोठ्या मैदानात कायमच्या बाकवाल्यांना आधी जागा मिळतात. फक्त ऑगस्टात कॉलेजच्या तिकिटांच्या खिडकीवर जाऊन तसं सांगून ठेवावं लागतं. अंतिम सामना डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी. खेचरं तिथे आजवर एकदाही पोहोचलेली नाहीत. हॉलिसने मात्र एकदाही सांगायचं चुकवलेलं नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी शेल्बी अटलांटाहून आली, होणाऱ्या नवऱ्याला, ओवेनला घेऊन. ओवेन लांबच्या उत्तरेचा, व्हर्माँटचा. शांत मुलगा, तळलेली भेंडी दोनदा मागून घेणारा. ग्लेंडाला तेवढ्यावरच आवडला होता. जेवण होत आलं होतं, गोड गार चहाचा जग पुन्हा फिरत होता, तेव्हा शेल्बीने तारीख सांगितली.

"डिसेंबरचा पहिला शनिवार. संध्याकाळी पाचला, आपल्याच चर्चमध्ये. सगळीकडे मेणबत्त्या. बाकीचे दिवे बंद."

ग्लेंडाने हातातला चमचा खाली ठेवला.

फेअरलीनमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी सामना, म्हणून त्या दिवशी कोणी लग्न ठेवत नाही. पाद्रीच ठेवू देत नाही, त्याची स्वतःची जागा पूर्वेच्या बाकांवर आहे. मयतसुद्धा शुक्रवारी उरकून घेतात. हे शेल्बीला ठाऊक होतं, म्हणून तर तिने नोव्हेंबर टाळला होता.

"शेल्बी म्हणाली तोवर हंगाम संपलेला असतो," ओवेन भाबडेपणाने म्हणाला. "आजीचं विमानाचं तिकीटही काढून झालंय. तिला तेवढाच आठवडा जमतोय."

"संपलेलाच असतो," शेल्बी म्हणाली. "त्या दिवशी फक्त अंतिम सामना असतो. त्याचा आपल्याशी काय संबंध?" आणि ती हसली.

हॉलिस हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे बर्मिंगहॅमचं मैदान उभं राहिलं होतं. खेचरांचे ते पिवळे-तांबडे झेंडे, पहिल्यांदाच तिथे शिरणारी ती पोरं, मोठी झालेली फळी. तो घटकाभरच गप्प बसला असेल. पण बापाने लेकीच्या लग्नाची तारीख ऐकून घटकाभर गप्प बसणं फार झालं.

"बाबा," शेल्बीचं हसू मावळलं, "तुम्ही विचारात पडलात? खरंच?"

"नाही गं, मी फक्त..."

"एकही सामना न जिंकलेली टीम! ती अंतिम सामन्यात जाईल, म्हणून तुम्ही माझ्या लग्नाचा विचार करताय?"

"जातील ते यंदा," हॉलिसच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलता येत नाही, ही त्याची आणखी एक खोड.

शेल्बी उठली. "मी पाचवीत असताना जिल्ह्याच्या स्पेलिंगच्या स्पर्धेत पहिली आले होते. शनिवारी. आई होती तिथे. तुम्ही कुठे होतात ते सांगू का? आणि त्या दिवशीसुद्धा हरलेच होते ते!" ओवेन बिचारा भेंडीची थाळी हातात धरून कधी शेल्बीकडे, कधी हॉलिसकडे बघत राहिला. दारातून शेल्बी एवढंच म्हणाली, "बाय, बाबा."

त्या 'बाय'ने हॉलिसला लागायचं ते लागलं. ह्या घरात तो शब्द आजवर कोणी वापरला नव्हता.

ग्लेंडाने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्याला पडवीत गाठलं.

"तू एवढंच म्हण की येतो. संपलं! ती खेचरं काही बर्मिंगहॅमला जात नाहीत. फुकटात लेक खूश होईल."

"मी जाणारच आहे लग्नाला. दुसरा विचारच नाही."

"मग सांग ना तिला तसं!"

हॉलिसने फोन केला. शेल्बीने उचलला. तो म्हणाला, "पोरी, मी येणार. तुला हात धरून मीच नेणार आत."

"हो," पलीकडून कोरडा आवाज आला. "ते हरणारच आहेत, त्यामुळे तुम्ही मोकळेच असाल. डब काकाही तेच म्हणाले. अख्खं गाव तेच म्हणतंय."

"मी तसं नाही म्हटलं."

"मग म्हणा ना एकदा. म्हणा, ते नाही पोहोचणार. एक वाक्य, बाबा. माझ्यासाठी."

हॉलिसने तोंड उघडलं. त्याला ती पोरं दिसली, तापलेल्या मैदानावर सरावाचा लोखंडी गाडा रेटणारी. त्याने तोंड मिटलं.

"बाय, बाबा," शेल्बी म्हणाली.

"काय माणूस आहे बाई!" ग्लेंडाने कपाळाला हात लावला. "अरे, एक वाक्य! जीभ झडणार होती का तुझी?"

"ऐक," हॉलिस म्हणाला, आणि घरात तो सहसा इतकं सलग बोलत नाही. "हरणारच आहेत म्हणून येतो, असं सांगू तिला? ते येणं नव्हे. ते रिकामा वेळ देणं झालं. रिकामा वेळ कोणीही देतो. त्या स्पर्धेच्या वेळी मी तिला काही दिलं नाही. आता द्यायचं तर असलेलं द्यायला हवं ना? त्यांनी पोहोचायला हवं, ग्लेंडा. पोहोचायला हवं आणि मी चर्चमध्ये असायला हवं."

ग्लेंडा जायला उठली. मग म्हणाली, "तुझ्यासारखं खेचर मी बघितलं नाही." पण जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑगस्ट आला. उन्हाने कॉलेजच्या विटा तापल्या होत्या. मैदानावर पोरांची धडकाधडकी चालू होती आणि खांद्यांवरच्या पॅडांचे आवाज रस्त्यापर्यंत येत होते. हॉलिस कुंपणाशी जरा थांबला. गेल्या वर्षी धडक बसली की पोरं मागे जायची. आता जात नव्हती. जागच्या जागी उभी होती, पाय मातीत घालून. त्याला मोठ्ठ्याने ओरडून सांगावंसं वाटलं, पण ऐकायला तिथे कोणीच नव्हतं.

तो खिडकीवर गेला. आतल्या बाईने त्याला बघताच कपाट उघडलं. "आलात, हॉलिस? तुमची वाटच बघत होते. अंतिम सामना, दोन जागा, टिडवेल. दरवर्षीचंच ना?"

"नाही. टिडवेल नको. त्या दोन्ही जागा डब फॉर्नीच्या नावावर कर."

बाईचं हसू अर्ध्यावर थांबलं. "तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. खेचरांचीही बरी आहे. मला त्या दिवशी सवड नाही, एवढंच."

एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या जागा त्या वर्षापुरत्या परत मिळत नाहीत. हॉलिसला ते पक्कं माहीत होतं. आपल्या हक्कावर त्याने पाणी सोडलं, सही केली आणि तिथून तडक डबच्या दुकानात गेला. डब गुलाबांचे काटे काढत होता. हॉलिसने फडक्यात गुंडाळलेली घंटा त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"बर्मिंगहॅमला तू जायचंस. जागा तुझ्या नावावर केल्यात. गरम कोट घाल, तिथे वरच्या बाकांवर वारा झोंबतो म्हणतात. घंटा उजव्या हातात धर, डाव्या हाताने नीट वाजत नाही. आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही. मागे पडले तरी उठायचं नाही. तू मध्येच उठतोस, मी बघितलंय."

डबला आधी हसू आलं. त्याने तोंडही उघडलं. मग त्याने हॉलिसचा चेहरा पाहिला. नंतर घंटा पाहिली. टिडवेल सोडून दुसऱ्या कोणाच्या हातात ती घंटा कधी गेलेली गावाने पाहिली नव्हती.

"हॉलिस," तो हळूच म्हणाला, "तुला खरंच वाटतं की काय, ते पोहोचतील?"

"मग इतकी वर्षं मी काय गंमत करत होतो?"

डबने काट्यांची कात्री खाली ठेवली. त्या दिवशी मात्र हॉलिस "पाय रोव" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडला. रिकाम्या हाताला काय करावं ते सुचेना, म्हणून तो खिशात घातला.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला आठवडाभर उरला होता. दुपारची वेळ. हॉलिस एका जुन्या यंत्रात कोपरापर्यंत हात घालून बसला होता, तेवढ्यात दुकानाच्या दारातून घंटा वाजली. तीच. हजारांत ओळखली असती त्याने.

"डब!" मान वर न करता तो खेकसला. "हंगामाआधी वाजवायची नसते ती! अक्कल आहे का?"

"डब काका नाहीत," शेल्बी म्हणाली.

ती दारात उभी होती. घंटा डाव्या हातात, त्यामुळे आवाज जरा बसका आला होता. हॉलिसने हात पुसायला फडकं शोधलं. ते समोरच होतं, तरी त्याला सापडेना.

"लग्नाची फुलं सांगायला गेले होते. काकांच्या गल्ल्यामागे खिळ्याला लटकत होती. मी म्हटलं, ही इथे कशी? तर ते सांगता सांगता रडायलाच लागले. एवढा मोठा माणूस, बाबा, हातात गुलाब धरून रडतोय! म्हणाले, मी तुझ्या बापाला इतकी वर्षं हसलो."

"त्याला फुलांची ॲलर्जी असेल," हॉलिस पुटपुटला.

शेल्बी एका उपड्या बादलीवर बसली. लहानपणी इथेच बसायची, अशीच. "खरं सांगा. तुम्हाला अजूनही वाटतं ते पोहोचतील?"

"हो."

"आणि तरी जागा देऊन टाकल्या."

"तुझं लग्न आहे ना त्या दिवशी."

तिने घंटा मांडीवर घेतली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "सगळे म्हणत होते, बापाचं काय जातंय, ती टीम तर हरणारच. मीही तेच म्हणत होते. ज्याचं खरोखर काहीतरी जात होतं असे गावात एकटे तुम्हीच होतात, आणि मी तुमच्यावरच रुसले." तिने नाक ओढलं. "सांगा मला. का पोहोचतील ते सांगा. मी कधी ऐकूनच घेतलं नाही."

हॉलिसने सांगितलं. आघाडीच्या फळीचं सांगितलं, एकही पोरगा सोडून गेला नाही ते सांगितलं. ओसोरियोच्या पोराचा तो आडव्या वाऱ्यातला चेंडू त्याने यंत्राच्या दोन दांड्यांमधून बोटाने नेऊन दाखवला. कुंपणापाशी उभं राहून जे पाहिलं होतं आणि कोणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. शेल्बी गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती उठली आणि घंटा त्याच्या हातात दिली.

"दोन्ही जागा डब काकांच्याच नावावर राहतील, पण एकीवर ते तुम्हाला बसवणार आहेत. म्हणाले, शेजारी तुम्ही नसाल तर मी मध्येच उठेन. आणि मी पाद्रींकडे जाऊन आले. लग्न सकाळी दहाला. जेवणं दुपारी. तुम्ही दोनला निघालात तर सामन्याच्या आधी आरामात पोहोचाल."

"अजिबात नाही!" हॉलिस ताडकन उभा राहिला. "तुला संध्याकाळ हवी होती. मेणबत्त्या हव्या होत्या. सकाळी दहाला कसल्या मेणबत्त्या? मी दिलेलं परत घेत नसतो. संध्याकाळीच होणार लग्न."

"सकाळी."

"शेल्बी, हट्ट नको करूस."

"कोणाची मुलगी आहे मी?" ती दारात जाऊन वळली, उंबऱ्यावर दोन्ही पाय फाकवून उभी राहिली. तिचा चेहरा अजून ओला होता आणि हनुवटी थेट हॉलिसच्या वडिलांसारखी पुढे आली होती. "मला नाही वाटत ते पोहोचतील. खरं सांगते. पण तुम्हाला वाटतंय, तर माझं लग्न सकाळी. मी पाय रोवलेत, बाबा."

हॉलिसने वाद घालायला तोंड उघडलं. पण फेअरलीनमध्ये ह्याला उत्तर एकच असतं, आणि गेलं वर्षभर अख्ख्या गावाकडून हात धरधरून ते त्यानेच वदवून घेतलं होतं.

"हलू नको," तो म्हणाला.